खडे बाजारची ताडपत्री बॅग आणि ५,२०० ची ट्रॉली: खानापूर ते युगांडा वापरून बघितलेला रिव्ह्यू

रिव्ह्यू दोन बॅगांचा आहे. एक ऑनलाइन सेलमधनं घेतलेली अठ्ठावीस इंची हार्ड ट्रॉली, चार चाकं, नंबरचं लॉक, कंपनी मोठी, नाव लिहीत नाही कारण त्यांच्याशी माझं भांडण अजून चालू आहे. दुसरी बेळगावात खडे बाजारात एका चाचांकडनं शिवून घेतलेली ताडपत्रीची. ट्रॉली ५,२०० ला पडली, ताडपत्री १,४५० ला. दोन्ही एकाच संध्याकाळी बेळगावजवळच्या खानापुरातनं निघाल्या आणि एकाच दुपारी युगांडात गुलूच्या पुढं एका छोट्या दवाखान्याच्या गेटात पोचल्या, फक्त एक मानानं पोचली आणि एक सुतळीनं बांधून.

वापरणारा मी नव्हे, माझी धाकटी बहीण. ती सिस्टर आहे, म्हणजे नन, नर्सिंग पण केलेली, व्रतं घेऊन चार वर्षं झाली, आणि तिची परदेशातली ही पहिलीच पोस्टिंग. मी खानापुरात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं सेंटर चालवतो त्यामुळं कागद स्कॅन करणं, बॅगा घेणं, वजन करणं ही सगळी कामं आपोआप माझ्याकडं आली. पोस्टिंगची ऑर्डर आल्यावर आईचा पहिला प्रश्न, "तिथं कोण आहे गं आपलं?" आणि दुसरा, "बॅगा किती न्यायला देतात?"

तर दोन. तिच्या तिकिटावर प्रत्येकी तेवीस किलोच्या दोन, वर केबिनची एक छोटी. ऐकायला भरपूर वाटतं, पण ट्रॉली घरी आल्यावर मी सेंटरशेजारच्या मासेवाल्या मावशीचा लटकता काटा आणून रिकामीच टांगली तर ४ किलो ३००. म्हणजे काही न भरताच तेवीसमधले सव्वाचार किलो प्लास्टिकनं खाल्ले. जाहिरातीत लाइटवेट लिहिलंय, कुणाच्या मानानं लाइट ते लिहिलेलं नाही. मग दुसरी पण अशीच घ्यायची का यावर विचार चालला असताना बहीणच म्हणाली, "दादा, आपल्या गावाकडं तांदूळ आणायला पप्पा वापरायचे तशी एक शिवून मिळती का बघ की."

मिळते. खडे बाजारात आत गेल्यावर एक बोळ आहे, तिथं चाचांचं दुकान, दुकान म्हणजे काय तर एक शिलाई मशीन, वरती लटकलेल्या शाळेच्या बॅगा आणि खाली बसायला एक स्टूल. चेन बदलणं, रनर बसवणं, पट्टा लावणं ही रोजची कामं. नवीन बॅग शिवतात हे फार लोकांना माहीत नाही. मी माप सांगितलं, तीन्ही बाजूंची बेरीज १५८ सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये, विमानवाल्यांचा नियम असतो. चाचांनी टेप काढली नाही, हातानं वीत मोजली आणि म्हणाले चार दिवसांनी ये. नंतर टेप लावून बघितलं, १५६ भरली. ह्याला काय म्हणायचं.

कापड जाड निळी कॅनव्हासची ताडपत्री, लॉरीवर असते त्याच्यापेक्षा थोडी पातळ. तळाला प्लायवूड नाही, जाड रबरी मॅट घातलेली, शिवाय चारी कोपऱ्यांना रेक्झिनचे तुकडे. पट्टा नुसता वरच्या बाजूला शिवलेला नाही, निवारीची पट्टी बॅगेच्या खालनं पूर्ण फिरवून वर आणलेली, म्हणजे वजन कापडावर येत नाही, पट्टीवर येतं. डबल टाका, आणि जिथं पट्टा वळतो तिथं चौकोन शिवून त्यात फुली मारलेली. चेन मोठ्या दातांची, दोन रनर, त्यात छोटं कुलूप बसतं. रिकामं वजन १ किलो ४००. ट्रॉलीपेक्षा २ किलो ९०० वाचले, आणि आईनं त्याचा हिशोब लगेच गोकाकच्या करदंट मिठाईत केला.

चाचा म्हणाले होते आतनं अस्तर लावू का, प्लास्टिकचं, दीडशे जास्त होतील. मी नको म्हणालो. हे लक्षात ठेवा, खाली येतंय.

भरण्याचा भाग लांबवत नाही, फक्त कामाच्या गोष्टी सांगतो. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही. त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं म्हणून बंदी आहे. आईनं अर्धा किलो वाट्या घातल्या होत्या त्या मी तिच्या डोळ्यासमोर काढल्या आणि दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, विमानाच्या पोटातल्या सामानात अजिबात नाही. युगांडात प्लगचे सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे, आपल्या गोल पिना बसत नाहीत, व्होल्टेज मात्र आपल्यासारखंच, त्यामुळं फक्त ॲडॅप्टर लागतो, कन्व्हर्टर म्हणून कोण तीन हजारचं मशीन गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. संकेश्वरी मिरचीचा मसाला तिहेरी पिशवीत. तीन लिटरचा कुकर आणि त्याच्या दोन जादा रिंगा, कारण रिंग तिथं त्याच मापाची मिळेल कशावरनं. कुंदा नेला तो आदिस अबाबापर्यंतच, म्हणजे इथिओपियात विमान बदलेपर्यंतच टिकवायचा असं ठरलं होतं आणि तसाच संपला. बीपीचं मशीन, स्टेथोस्कोप, पांढरे झगे, मराठी बायबल, मारियेचा एक वीतभर पुतळा टॉवेलात गुंडाळलेला.

आणि टॅग. टॅगवर गावाचं नाव काय लिहायचं यावर घरात अर्धा तास गेला. तिकिटावर बेळगावी, पप्पा म्हणाले बेळगावच लिही, काका म्हणाले उगाच एअरपोर्टला घोळ नको. बहिणीनं पेन घेतला, खानापूर लिहिलं आणि विषय संपवला. सिस्टर लोकांना हे बरं जमतं.

पिवळ्या तापाची लस हा वेगळाच प्रवास. युगांडात जायला ती लागतेच, व्हिसाच्या अर्जालाच कार्ड जोडावं लागतं. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरलेल्या सेंटरलाच, म्हणून आम्ही लोंढ्यावरनं रेल्वेनं वास्कोला, मुरगावच्या पोर्ट हेल्थला, म्हणजे बंदराच्या आरोग्य ऑफिसला. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, त्यामुळं तिकिटाच्या आधी हे करा, नंतर नव्हे. एकदा टोचली की आयुष्यभर चालते, दर दहा वर्षांची भानगड २०१६ पासून बंद झाली. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं. परत येताना दूधसागर धो धो वाहत होता आणि सगळा डबा दारात, आमची सिस्टर पण.

निघायच्या आदल्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली त्यात फादरनी थॉमस स्टीफन्सची गोष्ट सांगितली. हा इंग्लंडचा माणूस, तिशीचा, एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून बोटीत बसला आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरला. बोटीवर दीडशेच्या वर लोक आजारी पडले, सत्तावीस गेले, असं त्यानं पोचल्यावर वडलांना पत्रात कळवलं. नंतर मराठी शिकला आणि नुसता शिकला नाही, अकरा हजारांच्या घरात ओव्या रचल्या, ख्रिस्तपुराण १६१६ ला छापलं. फादर म्हणाले, सहा महिने त्याला लागले, तुला तीन दिवस. आई माझ्या कानात म्हणाली, "त्याच्या आईला विचारा म्हणावं." मी काय बोलणार.

आता टेस्ट. ऑगस्टचा शेवट, खानापुरात पाऊस कसा असतो ते सांगायला नको, घरापासून रस्त्यापर्यंत लाल चिखल. ट्रॉली पप्पांनी उचलून नेली कारण ओढायची सोयच नव्हती, म्हणजे चाकाची बॅग घेतली आणि पहिल्याच शंभर पावलांत डोक्यावर. ताडपत्री मी खांद्यावर टाकली. इथंच मला कळायला पाहिजे होतं.

बेळगावातनं रात्रीच्या स्लीपरनं मुंबई, मी सोबत. बसची डिकी उघडली, पोरानं दोन्ही बॅगा आत अशा भिरकावल्या की कुकर बोलला. कोगनोळीचा टोलनाका गेला तेव्हा बहीण जपमाळ हातात घेऊन जागी होती, मला म्हणाली झोप की, मी म्हणालो तूच झोप, दोघं पण खंबाटकीपर्यंत जागे. मुंबईत दिवसभर त्यांच्याच एका कॉन्व्हेंटात थांबून रात्री एअरपोर्ट.

एअरपोर्टवर ट्रॉलीला मान्य करावंच लागेल. गुळगुळीत फरशी, एका बोटानं ढकलली तर वीस फूट जाते, वळते, थांबते, बहिणीला एकदम कोण तरी मोठी बाई असल्यासारखं वाटलं असं तीच म्हणाली. त्या फरशीवर ताडपत्री बिचारी गाडीवर पडून होती, शेजारी सगळ्या चकचकीत बॅगा आणि मधेच ही निळी, बाजारला निघाल्यासारखी. मला जरा लाजच वाटली, खोटं कशाला बोलू. पण काउंटरवर वजन केलं तर ट्रॉली २४.१. मावशीच्या काट्यानं दगा दिला. मग तिथंच खाली बसून ट्रॉली उघडायची, आणि हार्ड ट्रॉलीची गंमत म्हणजे ती पुस्तकासारखी दोन्ही बाजूंना उघडते, तिला डबल जागा लागते, मागं लाइन थांबलेली, पुढं माझ्या बहिणीचे झगे आणि लोणच्याची बरणी सगळ्या जगासमोर. ताडपत्री वरनं उघडते, पोत्यासारखी. हात घातला, करदंट सारलं, मसाला कोंबला, सव्वा किलो इकडनं तिकडं झालं, ताडपत्री २१.६ होती ती २२.८ भरली आणि चेन लागली. कापडाला फुगता येतं, प्लास्टिकला येत नाही.

तिथनं पुढचं सगळं तिच्या व्हॉइस मेसेजवरनं. मुंबई ते आदिस अबाबा साधारण सहा तास. ते शहर २३०० मीटरच्या वर उंचावर आहे, महाबळेश्वर खाली राहिलं, त्यामुळं पहाटे थंडीनं कुडकुडली आणि स्वेटर ट्रॉलीत, ट्रॉली विमानाच्या पोटात. स्वेटर हातातच ठेवा. कुंद्याचा डबा तिथं उघडला, शेजारी एक केनियाला चाललेली म्हातारी गुजराती बाई होती तिनं अर्धा संपवला आणि जाताना डबा धुवून दिला. मग आदिसहून दोन तासांत एंटेबे, तळ्याच्या काठावरच विमानतळ, व्हिक्टोरिया तळं, बहीण म्हणाली खिडकीतनं वाटलं समुद्रातच उतरवतात.

बेल्टवर ट्रॉली आली ती लंगडत. एक चाक आत दबलेलं. ताडपत्रीला एक काळा ओरखडा, बस. इथं तिची एक चूक झाली, आणि तुम्ही करू नका म्हणून लिहितो. बॅग तुटलेली दिसली की एअरपोर्टच्या बाहेर पडायच्या आधी तिथल्या बॅगेज काउंटरला रिपोर्ट लिहून घ्यायचा आणि सात दिवसांच्या आत एअरलाइनला लेखी तक्रार. बाहेर सिस्टर लोक फुलं घेऊन उभ्या, ही म्हणाली जाऊ दे एक चाक तर आहे, आणि निघाली.

एंटेबे ते कंपाला चाळीसेक किलोमीटर, तिथं रात्र, दुसऱ्या दिवशी उत्तरेला गुलू, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत करुमाला नाईल नदी ओलांडतात, पाणी पांढरं फेसाळलेलं, आणि रस्त्याकडेला बबून माकडं गाडीच्या खिडकीत बघत बसलेली, अगदी आमच्या जांबोटी रोडची माकडं जरा जाडजूड करून ठेवल्यासारखी. नाश्त्याला रोलेक्स. घड्याळ नव्हे, चपातीत ऑम्लेट गुंडाळून देतात, रोल केलेली एग्ज म्हणून रोलेक्स, आणि चपातीला तिथं पण चपातीच म्हणतात. फणस तर रस्त्याला ढीग. ती म्हणाली दादा, खानापुरातनं निघून खानापुरातच आलेय की काय.

आणि मुरूम. गुलूपर्यंत डांबर आहे, त्याच्या पुढं दवाखान्याकडं जाणारा रस्ता कच्चा, लाल, आणि तिथले लोक इंग्लिश बोलताना त्याला काय म्हणतात माहीत आहे? मरम रोड. आपलाच मुरूम. शब्द आपल्या भागातनंच इंग्रजांनी उचलला आणि तिकडं आफ्रिकेत नेऊन रस्त्यावर टाकला म्हणतात. बहिणीनं हा मेसेज रात्री साडेअकराला पाठवला, तिकडं नऊ वाजलेले, अडीच तास मागं आहेत ते, आणि पप्पांनी दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीला ऐकवला.

तर ह्या मरम रोडवर, पाऊस पडून गेलेला, गेटापासून अर्धा किलोमीटर आधी कॉन्व्हेंटची पिकअप रुतली. सगळे उतरले. आता बॅगा. बहिणीनं ट्रॉलीचा दांडा वर काढला आणि ओढली, पंधरा-वीस पावलं झाली असतील, चारी चाकांत लाल चिखल घट्ट बसला, चाकं फिरायची थांबली, आणि दबलेलं चाक होतं ते त्याच्या खोबणीसकट निखळून चिखलात राहिलं. स्क्रू नाही, रिव्हेट. म्हणजे स्क्रूड्रायव्हर असता तरी उपयोग नव्हता. मग दांडा पण आत जाईना. शेवटी एक बोडा-बोडावाला आला, म्हणजे तिथली मोटरसायकल टॅक्सी, केनियाच्या बॉर्डरवर इकडनं तिकडं माणसं न्यायचे म्हणून बॉर्डर-बॉर्डरचं बोडा-बोडा झालं म्हणतात. हे नाव आम्हा सीमाभागातल्या लोकांना जितकं पटेल तितकं कुणाला पटणार नाही. त्यानं ट्रॉली मागच्या सीटवर आडवी टाकून ट्यूबच्या पट्ट्यांनी आणि सुतळीनं आवळली, ती दोनदा घसरली, प्लास्टिक ना, पाठ गुळगुळीत.

ताडपत्रीचं काय झालं ते फोटोत आहे. दवाखान्यातनं घ्यायला आलेल्या बायकांपैकी एकीनं बॅगेकडं बघितलं, पट्टा एकदा ओढून बघितला, कमरेचं फडकं सोडून पिळा मारला, गोल केला, डोक्यावर ठेवला आणि दुसरीनं हात लावून बावीस किलो आठशे वर चढवलं. आणि चालायला लागली. हात सोडून. पुढं ही बाई, तिच्या मागं माझी बहीण चपला हातात घेऊन पांढऱ्या झग्यात गुडघ्यापर्यंत लाल.

आईला फोटो दाखवला तर तिनं बहिणीकडं बघितलंच नाही. बोटानं झूम करायला लावलं. "अगंबाई, चुंबळ हाय की ही." मग म्हणाली, "बघ, ट्रॉली बसली असती का चुंबळीवर?"

नसती बसली. खाली चार चाकं, त्यातलं एक गेलेलं, डोक्यावर ठेवणार कशी. बॅग कंपन्या जाहिरात कुठं करतात, एअरपोर्टच्या फरशीवर. सगळ्या प्रवासात ती फरशी एकूण दोन तास. बाकी खानापूरचा चिखल, बसची डिकी, पिकअपचा हौदा, मोटरसायकलची सीट आणि एका बाईचं डोकं. ज्यांचा प्रवास टॅक्सीतनं सुरू होऊन हॉटेलात संपतो त्यांनी ट्रॉली घ्या, मी नाही म्हणत नाही.

कंपनीला फोन केला. वॉरंटी पाच वर्षांची आहे, पण चाक हे वापरानं झिजतं म्हणून त्यात धरत नाहीत. मी म्हणालो अहो झिजायला चाललंय कुठं, वीस पावलं चाललंय. तर म्हणे सर, बॅग घेऊन जवळच्या सर्व्हिस सेंटरला या. बॅग गुलूत आहे. त्यांच्या यादीत गुलू नाही. आता ती ट्रॉली दवाखान्यात कपाट म्हणून आहे, बँडेजचे रोल ठेवतात, झाकण घट्ट लागतं आणि पाली आत जात नाहीत, त्याबद्दल एक स्टार. रंग बरा आहे, अजून अर्धा. दीड.

ताडपत्रीला पाच द्यायचे होते पण साडेचार देतो. कारण पाऊस. पिकअपमधनं उतरल्यापासून गेटापर्यंत पुन्हा भुरभुर सुरू झाली, कापड जाड असलं तरी शिवणीतनं पाणी आत झिरपलं आणि निळा रंग सुटला. तीन पांढऱ्या झग्यांवर निळे ढग. तिथल्या मदर हसल्या म्हणे, पण नवीन पोरगी पहिल्या रविवारी मिस्सेला निळसर झग्यात उभी, आणि सगळी बायका-पोरं तिला बघून "अपोयो, अपोयो" म्हणतात, तिथल्या अचोली भाषेत आभाराला आणि नमस्काराला तोच शब्द, तेवढा एकच तिला तोपर्यंत येत होता, तो ती प्रत्येकाला परत देत होती. अस्तराचे दीडशे रुपये वाचवले कुणी? मी. म्हणून ते अर्धं स्टार खरं तर माझं कापायला पाहिजे.

मागच्या आठवड्यात बेळगावला गेलो होतो तेव्हा चाचांना फोटो दाखवायला मुद्दाम खडे बाजारात गेलो. मला वाटलं आफ्रिका बघून काय तरी म्हणतील. चष्मा वर केला, फोन हातात घेतला, बराच वेळ बघितलं. बाईच्या डोक्यावरनं पट्टा लोंबत होता तिथं बोट ठेवलं.

"फुली उसवली नाही."

मग फोन परत देताना, "निळं कापड पहिल्या पाण्यात रंग सोडतंय. अस्तर घाल म्हणालो होतो की तुला."

बहिणीसोबतची एक सिस्टर डिसेंबरात येणार आहे, तिच्यासाठी दुसरी सांगून आलोय, खाकी रंगाची, अस्तरासकट १,६००. कुणाला पाहिजे असेल तर चार-पाच दिवस आधी सांगा, गणपती-दिवाळीत आठ धरा. माप लिहून न्या, चाचा वीतच लावणार. आणि शुक्रवारी दुपारी जाऊ नका, बंद असतंय.